लाल टिकलीचा परिहार

१३ सप्टेंबर, शनिवार

आज कळलं की चाळीस वर्षं मी उगाच बीट खाल्लं.

हे कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून शमिकाची कोरी वही ढापली. शाळेत असताना एकदा चार दिवस दैनंदिनी लिहिली होती, ती आईने वाचली आणि प्रकरण तिथेच संपलं. आता आई नाही, लेकीला मी लिहिलेलं वाचायला सवड नाही आणि पद्माकरना माझं अक्षर लागत नाही. (समोर मी त्यांना 'अहो'च म्हणते. वहीत नाव घ्यायला कोण अडवतंय.)

तर माझं हिमोग्लोबिन जन्मभर दहाच्या आसपास. मिरजेला होते तेव्हा आईने लोखंडी कढई, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि बीट, बीट, बीट. लग्न होऊन बेंगळुरूला आले, शमिका झाली, आणि त्या काळ्या गोळ्या सुरू झाल्या त्या आजतागायत. आमच्या माहेरच्या बायका सगळ्याच फिकट. आम्ही त्याला गोरेपण म्हणत आलो आणि वर मिरवत आलो.

यावेळी पद्माकर म्हणाले, "तीस वर्षं मी रडारं बनवली. एक भाग चालत नसेल तर दुसरा तपासतात, तोच पुनःपुन्हा बसवत नाहीत." म्हणून जयनगरच्या एका नव्या लॅबमध्ये गेलो. तिथला डॉक्टर बसवंत, तिशीतला, बिदरचा. घरी मराठीच बोलतो म्हणे, पण कानडीची फोडणी घालून. त्याने रिपोर्ट बघितला आणि म्हणाला, "काकू, तुमच्या अंगात लोह कमी नाही की हो. भरून वाहतंय. गोळ्या बंद करा."

मग एका मशीनवर रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघितले होते, त्याचा आलेख दाखवला. त्यात एक प्रकार हवा त्यापेक्षा जास्त. थॅलेसेमिया मायनर. म्हणजे मी आजारी नाही, नुसती वाहक आहे. रक्तपेशी जन्मापासूनच लहान, आणि त्या तशाच राहणार.

मी विचारलं, "मग बीट?"

"आवडत असेल तर खावा."

मला इतकं हसू आलं की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. शमिका नुसती सोबत आली होती, पण तिने त्याला प्रश्न विचारून विचारून भंडावलं. आईला आहे म्हणजे मला असेल का? निम्मी शक्यता. मला असलं तर? काही बिघडत नाही. नवऱ्यालाही असलं तर? इथे त्याने पेन काढून चार बाळं काढली. दोघंही वाहक असतील तर दर खेपेला चारांत एक शक्यता, की मुलाला थॅलेसेमिया मेजर होईल आणि जन्मभर बाहेरून रक्त भरत राहावं लागेल. चौथं बाळ काढताना तो जरा थांबला होता. मनाने चांगला असावा.

शमिका तिथे छत्री विसरली.

२० सप्टेंबर, शनिवार

छत्री आणायला ती रविवारी गेली. रविवारी लॅब बंद असते हे मी सांगितलं होतं. तरी गेली आणि तीन तासांनी छत्री घेऊन आलीसुद्धा. माझी मुलगी जिद्दीची आहे.

आज मराठी मंडळाची सभा. वधूवर विभाग पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. मी उठून सांगितलं की यापुढे पत्रिकेबरोबर रक्तही जुळवायचं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नाळू मुलामुलींचं तपासणी शिबिर, मंडळाच्या हॉलमध्ये, डॉक्टर बसवंत येणार. (त्याला अजून विचारलं नव्हतं. संध्याकाळी विचारलं. तो हो म्हणाला.)

भीमाचार्य उठले. हे आमचे ज्योतिषी. बनशंकरीत पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पत्रिका मराठीत बघतात आणि दक्षिणा कानडीत सांगतात. म्हणाले, "विद्याबाई, स्वल्प थांबा. दोघांची नाडी एक आली तर संततीला धोका, हे मी सांगतोच की. त्यात रक्त आलं."

मागून कुणीतरी म्हणालं, एक नाडी म्हणजे एकच रक्तगट. झालं. सगळी सभा आपापले रक्तगट सांगायला लागली. माझा ओ, यांचा बी, तरी आमची दोन्ही मुलं ठणठणीत, वगैरे. मी चमचा टेबलावर आपटून सांगितलं की रक्तगटाचा इथे काडीचा संबंध नाही. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. पण शिबिर मंजूर झालं, घोडं गंगेत न्हालं. अंगात असं वारं शिरलंय की रात्रीची भाजी दोनदा फोडणीला टाकली.

५ ऑक्टोबर, रविवार

शमिका एकदम बदलली आहे. कामाला तीच व्हाइटफील्ड, तोच लॅपटॉप, पण आता ऑफिसच्या कॅबने येत नाही, मेट्रोने येते. तीही आमच्या बनशंकरीपर्यंत नाही. जयनगरला दोन स्टेशनं आधीच उतरते आणि चालत येते. म्हणते, व्यायाम. चेहऱ्यावर तेज आलंय हे खरं. परवा मला ज्वारीची भाकरी थापायला शिकव म्हणाली. जिने जन्मात पोळी लाटली नाही ती भाकरी थापणार. पीठ छतापर्यंत उडालं. पद्माकर पेपरच्या आडून म्हणाले, "बिदरकडे ज्वारीच खातात, नाही का गं?" कुठला विषय कुठे नेतात हे.

शिबिराच्या निमित्ताने बसवंत दोनदा घरी आला. शमिकाने सगळ्या पत्रकांचं कानडी भाषांतर त्याच्याकडून तपासून घेतलं. मुलगा खरंच गुणी आहे. इतका गुणी मुलगा बिनलग्नाचा राहावा हे मला बघवत नाही. त्याच्यासाठी मी मंडळातली शलाका धरली आहे. चांगली नोकरी, गातेही छान. शिबिराच्या दिवशी दोघांची गाठ घालून देते. शमिकाला सांगितलं तर म्हणाली, "आई, तू ना." तिला अशा गोष्टीत रसच नाही. सत्ताविसावं संपत आलं. यंदा तिचं लग्न झालंच पाहिजे, गावाची लग्नं लावणारीच्या घरात मुलगी बिनलग्नाची, लोक तोंडावर बोलत नाहीत इतकंच.

९ नोव्हेंबर, रविवार

शिबिर झालं. पाय सुजलेत, घसा बसलाय, आणि मला नाचावंसं वाटतंय.

उपाशी यायची गरज नाही असं तीन वेळा कळवलं होतं. तरी झाडून सगळे उपाशी आले, कारण रक्त म्हटलं की उपाशी. काहींची आदल्या दिवशीची संकष्टी अजून पोटात, तिकडे एक मुलगा रांगेतच खाली बसला. मग मी रांग मोडून आधी सगळ्यांना उपमा खायला घातला. बसवंत हसत होता, म्हणाला, "काकू, असं शिबिर मी बघितलं नव्हतं. पेशंट जेवून झोपायला लागलेत."

भीमाचार्यही आले. राहुकाळ संध्याकाळी आहे तेव्हा सकाळी चालेल, असं स्वतःच म्हणाले आणि बाही वर केली. त्यांचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, त्यांचं रक्त कशाला, पण नाही कसं म्हणायचं? सुई बघताच त्यांनी डोळे मिटले आणि विष्णुसहस्रनाम सुरू केलं. रक्त काढून झालं, कापूस लावून झाला, तरी थांबेनात.

पद्माकरनी रक्त दिलं. शलाकाने दिलं. शलाकाच्या हाती मी बसवंतसाठी चहा पाठवला, तर मध्येच शमिकाने तो ट्रे तिच्या हातून घेतला. "तू दमली असशील, मी देते." मेलीने माझा सगळा डाव उधळला, आणि चहा देऊन तिथेच उभी राहिली.

एकच गोष्ट मनाला लागली. शमिकाने रक्त दिलं नाही. माझं नंतर, माझं नंतर, करत शेवटपर्यंत टाळलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आयोजकांच्याच घरात ही तऱ्हा? एवढीशी तर सुई." ती पांढरी पडली. बसवंत नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बघत होता, मान वर न करता म्हणाला, "राहू द्या काकू. रक्त काय जबरदस्तीनं घ्यायचं असतंय का."

इतकी मोठी मुलगी सुईला भिते, हे मला आजच कळलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट आले. बसवंतने ज्याचं पाकीट त्याच्याच हातात दिलं, मला एकाचाही आकडा सांगितला नाही. मग मी युक्ती काढली. वाहक असेल त्याने आपल्या माहितीपत्रकावर लाल टिकली लावायची, नसेल त्याने हिरवी. जयनगरच्या बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. माझी स्वतःची तर रोजच लाल असते, कपाळावर जाहिरातच. पद्माकर हिरवे निघाले, त्यांनी हौसेने शर्टाच्या खिशावर टिकली लावली आणि तशीच बँकेत गेले.

घोषवाक्यही मीच केलं: लाल टिकलीला लाल टिकली चालत नाही. हॉलबाहेर मोठा फलक लावला.

बसवंतने फलक बघितला. म्हणाला, "काकू, हे नको की हो. लोक भितील. तपासणी कळण्यासाठी असते, मोडण्यासाठी नाही. दोघं वाहक असले तरी पुढं वाट असते."

"लांबलचक सांगितलं की लोक विसरतात," मी म्हटलं. "भितील तरच ऐकतील."

ऐकलं तर खरं, पण उलटंच. एका लाल मुलीला हिरव्या मुलाकडून नकार आला. अरे, लालला हिरवा बिनदिक्कत चालतो, फक्त लाल-लाल नको, हे मी फोनवर घसा फोडून सांगितलं. मुलाची आई म्हणाली, "तुमच्याच फलकावर लाल म्हणजे धोका असं दिसतंय." लोकांना वाचताच येत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

बसवंतला चहाला बोलावलं आणि आडवळण न घेता शलाकाचं काढलं. शलाका हिरवी आहे (तिनेच मिरवत सांगितलं).

तो म्हणाला, "मी लाल आहे, काकू."

मग सांगितलं. त्याचे आईवडील दोघंही वाहक, त्यांना माहीतच नव्हतं. धाकटी बहीण शिवलीला, तिला थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त. लहानपणी बिदरला रक्त मिळायचं नाही तेव्हा आई तिला घेऊन एसटीने सोलापूर गाठायची आणि हा शाळेतून येऊन कुलूप बघायचा. म्हणून हा या विषयात आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला आणखी दोन लाडू वाढले.

"मग तर शलाका अगदीच योग्य," मी म्हटलं.

"माझ्या मनात दुसरी कुणी आहे."

"मग तिचं रक्त तपासून घे आधी."

"तपासलं. या आठवड्यातच."

"आणि?"

"लाल."

काय करणार. वाईट वाटलं, पण खोटं कसं बोलू? मी सरळ सांगितलं, "बाळा, मग नाही जमत. लालला लाल चालत नाही. तू तर डॉक्टर, तुला मी काय सांगायचं. विसर तिला."

त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "सरी, काकू." म्हणजे कानडीत, ठीक आहे. लाडू तसेच राहिले. शमिका आतल्या खोलीत होती, मी हाक मारली तरी त्याला निरोप द्यायला बाहेर आली नाही. हल्ली हिला माणुसकीच राहिली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

शमिकाने शेवटी रक्त दिलं होतं, मला न सांगता. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "लाल."

या महिन्यात लाल टिकल्यांचं पीकच आलंय. मी म्हटलं, "त्यात काय? मी नाही का ठणठणीत? हिरवा मुलगा बघू, हां हां म्हणता मिळेल." ती उठून गेली. पद्माकर माझ्याकडे असं बघत राहिले की मी मीठ विसरले असावे असं वाटून आमटी पुन्हा चाखली. मीठ बरोबर होतं.

७ डिसेंबर, रविवार

शमिकाला बघायला यशोवर्धन येऊन गेला. हिरवा, उंच, व्हाइटफील्डला स्वतःचा फ्लॅट. शमिकाने त्याला अर्धा तास थॅलेसेमिया समजावून सांगितला. तो घाबरून गेला. ती नंतर स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ काढून भाकरी थापत बसली, दुपारी चार वाजता, कुणी मागितली नसताना. आता छान गोल येते तिला. थापता थापता रडत होती.

मी काय केलं कुणास ठाऊक. जयनगरला उतरणंही बंद आहे. सरळ बनशंकरीपर्यंत येते आणि झोपते. शिबिराचं सगळीकडे कौतुक चाललंय, दुसऱ्या मंडळांकडून बोलावणी येताहेत, आणि घरात हे असं. माझं कशात लक्ष लागत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

अक्षर आज पद्माकरना काय, मलाही लागायचं नाही.

सकाळी भीमाचार्य आले, बोलावलं नसताना. म्हटलं, फलकावरून भांडायला आले असतील. चहा दिला. त्यांनी पिशवीतून दोन पत्रिका काढल्या आणि म्हणाले, "उद्यापरवा धनुर्मास लागतो, त्याआधी तुमच्या कानावर घालतो. पत्रिका सुंदर जुळते. छत्तीसपैकी एकतीस गुण. नाडी वेगळी. मला तर आनंद झाला."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? शमिकाची. आणि त्या बिदरच्या डॉक्टरची. पोरगी स्वतः आली होती माझ्याकडे." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझं झालं. छत्री, मेट्रो, भाकरी, चहाचा ट्रे, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि मग तो चहाचा कप. मी त्याला काय म्हणाले होते, विसर तिला. माझ्याच मुलीला. ती पलीकडच्या खोलीत ऐकत असताना.

पद्माकर शांतपणे म्हणाले, "मला सप्टेंबरपासून वाटत होतं." मी त्यांना काही बोलणार होते, पण आचार्य बसले होते.

मी म्हटलं, "पण आचार्य, दोघंही लाल आहेत. तुमच्या पत्रिकेत नाडी वेगळी असेल, रक्तात एकच आहे."

"ते पोरीने सांगितलं. ती मला विचारायला आली होती की आचार्य, एक नाडी आली तर तुम्ही काय सांगता. दोन्ही पत्रिका नंतर मीच मागून घेतल्या, बघितल्यावाचून राहवेना."

"मग काय सांगितलंत?"

"परिहार सांगतो, म्हटलं. जप, दान, जे असेल ते. विद्याबाई, मी उभ्या आयुष्यात दोष सांगून कुणाला तसंच दारातून परत पाठवलं नाही. दोष सांगायचा तर परिहारही सांगायचा. तो खरा की खोटा ते तुम्ही शिकलेले लोक बघा. पण तुम्ही टिकली चिकटवता आणि उठून जाता. माणसाने मग कुठे जायचं?"

पंधरा वर्षं मी या माणसाला थोतांड म्हणत आले. आज मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. त्यांनी चहा संपवला, वर एक लाडूही मागून घेतला.

शमिका मैत्रिणीकडे गेली होती. ती यायच्या आत मी हॉलवर जाऊन फलक उतरवला. खिळा निघत नव्हता, पद्माकरनी काढला.

१५ डिसेंबर, सोमवार

शमिकाला घेऊन लॅबमध्ये गेले. रिक्षा केली. जयनगरच्या चौथ्या ब्लॉकपाशी ती म्हणाली, "तू रागावलीस?" मी म्हटलं, "स्वतःवर." ती रडायला लागली, मग मीही. रिक्षावाल्या अण्णांनी आरशात बघून रिक्षा हळू केली.

बसवंत आम्हाला बघून उभाच राहिला. मी खुर्चीत बसले आणि विचारलं, "याला परिहार काय?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्याने पेन शोधलं, सापडेना, शमिकाने दिलं. पुन्हा तीच चार बाळं. म्हणाला, दिवस राहिले की अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा एक कण काढून तपासता येतो. बाळ चारांतलं कोणतं ते कळतं. तीन शक्यता चांगल्या आहेत. चौथी निघाली तर पुढचं ठरवावं लागतं. काही जण आधीच प्रयोगशाळेत तपासून गर्भ ठेवतात. काही दत्तक घेतात. वाटा आहेत, सोप्या नाहीत.

"आणि चौथी निघाली तर तुम्ही काय करणार?"

शमिका म्हणाली, "ते आम्ही दोघं ठरवू. तू नाही, आई."

लागलं मला. पण बरोबर होतं. माझी जीभ या महिन्यात पुरेशी चालली होती.

मग समजलं की मागे हटला होता तो, शमिका नव्हे. आईची एसटी आठवायची म्हणे त्याला, आणि वर माझा उपदेश. मी म्हटलं, "तुझ्या आईला ठाऊक नव्हतं रे. तुम्हाला ठाऊक आहे. एवढा फरक पुरे नाही का?" तो खाली वाकून माझ्या पाया पडला. उठताना टेबलाला डोकं आपटलं आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

जात-बित मी विचारलीच नाही. आता विचारायला वेळही नाही, इतकी कामं आहेत.

भीती वाटतेच. ती रात्री उशाला येऊन बसते. पण ती आता माझी एकटीची नाही.

२१ डिसेंबर, रविवार

शिवलीला जेवायला आली. मी सकाळपासून धास्तावले होते. तिच्याशी काय बोलायचं, कुठे बघायचं? आली ती चटपटीत, चोवीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते. पुरणपोळ्या चार खाल्ल्या. सतत रक्त भरून तिच्या अंगात लोह वाढतं म्हणून ते काढायच्या गोळ्या घ्याव्या लागतात. मी लोहाच्या गोळ्या खात होते ऐकून ती खुर्चीवरून पडायची राहिली. "काकू, तुमचं मला द्यायचं आणि माझं तुम्हाला, असं काहीतरी उलटंसुलटं चाललं होतं आपलं."

मी वाढताना सारखी चाचरत होते. ती एकदम म्हणाली, "काकू, माझ्यासारखं दुखणं नको म्हणा, खुशाल म्हणा. मलाही ते कुणाला नकोच आहे. पण मीच नको होते असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्या लग्नात जेवणार नाही."

"तू जेवली नाहीस तर लग्नच लावणार नाही," मी म्हटलं. आणि तिला पाचवी पोळी वाढली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. घरात नुसती झुंबड. तिळगूळ, उसाची कांडी, वर इथल्या रीतीने तीळ, गूळ, खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल, आणि बिदरहून बसवंतचे आईवडील आलेले. त्या माऊलीने मला मिठीच मारली. मी तिला सांगितलं की लेक आम्ही देतोय, पण सोलापूरची एसटी नाही. तिला समजलं.

मंडळात आता नवा नियम आहे. टिकल्या बंद. रिपोर्ट ज्याचा त्याच्यापाशी, आणि दोघांचं जुळायची वेळ आली की बसवंतकडे जाऊन आधी परिहार ऐकायचा, मग हो-नाही करायचं. परिहार हा शब्द मीच ठेवला. बसवंतने आधी नाक मुरडलं, आता तोही तोच वापरतो. त्या नकार आलेल्या मुलीच्या घरी मी स्वतः जाऊन आले, आणि त्या मुलाच्या आईच्याही घरी. पुढच्या रविवारी दोघं भेटताहेत.

दुपारी भीमाचार्य पंचांग घेऊन बसले. शुक्राचा अस्त संपू दे म्हणाले, मग फेब्रुवारीतला एक दिवस काढला. सोमवार, गोरज मुहूर्त, असा योग वर्षात पुन्हा येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. बसवंतच्या वडिलांनी सुपारी हातात घेतली.

शिवलीला फोनमध्ये काहीतरी बघत होती. म्हणाली, "तेव्हा माझा तिसरा आठवडा संपत असतो. बुधवारी रक्त भरायचंय. सोमवारी मी पार मलूल असेन, मांडवात कोपऱ्यात बसून राहीन. पण असू दे, मुहूर्त चांगला आहे ना."

बसवंतची आई पदराशी चाळा करायला लागली. शमिका माझ्याकडे बघत होती.

मी विचारलं, "आचार्य, याला परिहार काय?"

भीमाचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पंचांगाचं एक पान उलटलं, बोट खाली-वर फिरवलं.

"सोपा आहे," ते म्हणाले. "बुधवारी रक्त भरलं, गुरुवारी विश्रांती. शुक्रवारी लग्न."

"शुक्रवारी मुहूर्त आहे?"

"नसेल तर काढू की."

शिवलीलाने तिथेच सांगून टाकलं की शुक्रवारी ती रात्रभर नाचणार आहे आणि मलाही नाचवणार आहे. मला नाचता येत नाही. उद्यापासून शिकते.